निर्माता म्हणून श्याम बेनेगल: जाहिरातपटांपासून 'मंथन'पर्यंत

एरंडवणेकर (धागाकर्ता)

श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ रोजी गेले. त्यानंतर जे लेख आले त्यांत दिग्दर्शक बेनेगल भरपूर होते, आणि ते रास्तच आहे. पण त्यांच्या कारकिर्दीचा एक पदर फारसा कुणी उलगडला नाही. कधी खासगी कंपनी, कधी दूध उत्पादक, कधी विणकर, कधी राज्य सरकार, कधी रेल्वे, असे पैसे देणारे शोधत हा माणूस वर्षानुवर्षं आपल्याला हवे तेच चित्रपट करत राहिला. हे जमतं कसं? मी मुंबईत जाहिरातपट करणाऱ्या एका संस्थेत निर्मिती आणि हिशेब सांभाळले, निवृत्तीनंतर पुण्यात आलो. त्यामुळे श्रेयनामावलीत निर्मात्याचं नाव आधी वाचायची सवय लागलेली आहे. बेनेगलांची श्रेयनामावली त्या नजरेने वाचली की एक वेगळीच कारकीर्द दिसते.

आधी पार्श्वभूमी. बेनेगल १९५९ साली लिंटास या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर म्हणून लागले आणि चढत चढत क्रिएटिव्ह हेड झाले. १९६३ मध्ये एएसपी या दुसऱ्या एजन्सीत गेले. जाहिरातीच्या त्या वर्षांत त्यांनी जाहिरातपट आणि प्रायोजित माहितीपट मिळून नऊशेच्या वर फिल्म्स केल्या. नऊशे! प्रत्येक फिल्ममागे एक गिऱ्हाईक, एक बजेट, एक तारीख. ज्याने हे नऊशे वेळा निभावलं त्याला पैशाचं काम कुणी वेगळं शिकवायची गरज उरत नाही.

'अंकुर'ची मूळ गोष्ट त्यांनी कॉलेजात असताना लिहिली होती. ती पडद्यावर यायला १९७४ उजाडलं. मधली दहा-बारा वर्षं पटकथा तयार होती, निर्माता नव्हता. शेवटी पैसे आले ते ब्लेझ ॲडव्हर्टायझिंगकडून, म्हणजे मोहन बिजलानी आणि फ्रेनी वरियावा यांच्याकडून. ब्लेझचा मुख्य धंदा देशभरच्या चित्रपटगृहांत जाहिरातपट पोचवण्याचा आणि दाखवण्याचा. त्या काळी टीव्हीवर जाहिराती नव्हत्या, दूरदर्शनवर त्या १ जानेवारी १९७६ पासून सुरू झाल्या. त्याआधी कुणाला साबण किंवा चहा हलत्या चित्रात दाखवायचा तर थिएटरशिवाय मार्ग नव्हता, आणि थिएटरांचं ते जाळं ब्लेझच्या हातात होतं.

माझ्या मते 'अंकुर'च्या यशातली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. त्याच सुमारास फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या कर्जावर उत्तम चित्रपट होत होते. 'भुवन शोम' आणि 'उसकी रोटी' त्यातलेच. पण कर्ज मिळून चित्रपट पुरा झाला तरी घोडं पेंड खायचं ते वितरणात. ब्लेझचे लोक थिएटरमालकांना आधीपासून ओळखत होते, रोजचा व्यवहार होता. समांतर सिनेमाला लागलेला पहिला भक्कम वाटाड्या हा जाहिरातीच्या धंद्यातून आला, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवं.

कामाची माणसंही त्याच वर्तुळातली. संगीतकार वनराज भाटिया हे हजारो जिंगल्स केलेले. चित्रपटाला संगीत देण्याची त्यांची पहिली वेळ 'अंकुर'चीच. कॅमेरा गोविंद निहलानींचा, तेही जाहिरातपटांत मुरलेले. ही मंडळी एकमेकांच्या सवयी जाणून होती. सेटवर कुणाला काही समजावत बसावं लागत नसेल तर दिवसाची शिफ्ट दिवसात संपते, आणि कमी पैशाच्या चित्रपटात तेच तर वाचवायचं असतं.

'निशांत' (१९७५), 'भूमिका' (१९७७), पुढे 'मंडी' (१९८३) याही ब्लेझच्याच. मधल्या 'मंथन'बद्दल खाली सविस्तर बोलूच. इथे कुणी थिएटर व्यवसायात किंवा जाहिरातपटांत काम केलेलं असेल तर जरूर लिहा.

डेक्कनची_राणी

धाग्याबद्दल मनापासून आभार. फ्रेनी वरियावा हे नाव मी पाटीवर कितीदा वाचलंय, पण ती व्यक्ती कोण हे कधी शोधलं नव्हतं.

जाहिरातीवरून आठवलं. विविध भारतीवर जाहिराती पहिल्यांदा १ नोव्हेंबर १९६७ ला सुरू झाल्या त्या मुंबई, नागपूर आणि पुणे या केंद्रांवरून. म्हणजे आकाशवाणीवरची जिंगल ऐकणाऱ्या पहिल्या श्रोत्यांत आपले पुणेकर होते. आमच्याकडे आईला गाण्यांइतक्याच जाहिराती पाठ होत्या, आणि स्वयंपाक करताना ती दोन्ही सारख्याच तन्मयतेने म्हणायची. वनराज भाटियांचं नाव वाचून वाटलं, यांतल्या किती चाली त्यांच्या असतील.

रीळवाला

मी पेठेतल्या एका एकपडदा थिएटरात प्रोजेक्शनवर होतो. एरंडवणेकर, तुम्ही जाळं म्हणालात ते आम्ही दुसऱ्या टोकाने पाहिलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

जाहिरातींची छोटी रिळं डब्यात घालून यायची, सोबत कागद: कुठली जाहिरात, कुठल्या आठवड्यात, कुठल्या खेळाला. ३५ मिलिमीटर फिल्म सेकंदाला दीड फूट पळते. म्हणजे मिनिटाची जाहिरात ९० फूट, २० सेकंदांची फक्त ३० फूट. एवढीशी फिल्म स्वतंत्र रिळावर चढवून चालवता येत नाही, म्हणून सगळ्या जाहिराती ठरलेल्या क्रमाने एकाला एक जोडायच्या. फिल्मच्या टोकावरचा चित्राचा थर पात्याने खरवडायचा, सिमेंट लावायचं, दोन्ही टोकं एकावर एक दाबून धरायची. सिमेंट जास्त झालं तर सांधा ताठ होतो आणि प्रोजेक्टरच्या गेटमधून जाताना चित्र उडी मारतं. कमी झालं तर भर खेळात तुटतो आणि पब्लिक शिट्ट्या घालतं. आठवडा संपला की परत सगळं सोडवायचं, ज्याची त्याची रिळं ज्याच्या त्याच्या डब्यात, आणि डबे रवाना. दरवेळी सांध्यापाशी फ्रेम-दोन फ्रेम जायच्याच. गावोगाव फिरून आलेली २० सेकंदांची जाहिरात आमच्याकडे पोचेपर्यंत चांगलीच तोकडी झालेली असायची.

स्थानिक दुकानांच्या काचेच्या स्लाइड वेगळ्या. त्या मध्यंतरात. साड्या, चष्मे, सायकली, लग्नाचे हॉल. त्यांचा पैसा थेट मालकाकडे.

आमच्या मालकांना जाहिरातीच्या पैशाचं महत्त्व फार होतं. पिक्चर पडला तरी जाहिरातीचे पैसे ठरलेले, वेळेवर येणारे. त्यामुळे जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला की त्याला चहा आतल्या खोलीत मिळायचा. असा माणूस उद्या म्हणाला की आमचा एक वेगळा पिक्चर आहे, एक आठवडा लावून बघा, तर मालक तोंडावर नाही म्हणणार नाही. तुमचा मुद्दा मला म्हणूनच पटला.

चाफेकळी

रीळवाले काका, हे वाचताना हाताला सिमेंटचा वास आला! यावर वेगळा धागा काढाच.

मुठाकाठ

लेख आवडला, पण एका जागी मी थांबलो. जो पैसे देतो त्याचीच गोष्ट सांगायची ही जाहिरातीची रीत. 'मंथन' दूध संघाच्या पैशाने आणि विषय दूध संघ. 'सुस्मन' हातमाग सहकारी संस्थांच्या पैशाने आणि विषय विणकर. 'यात्रा' मालिका रेल्वेसाठी, घडते आगगाडीत. 'आरोहण'ला पश्चिम बंगाल सरकारचा पैसा, आणि विषय तिथल्या कुळाचा जमिनीसाठीचा लढा. बेनेगलांबद्दल मला आदर आहे, पण हे सगळं तुम्ही कौशल्य म्हणून मांडताय, आणि मला त्यात मर्यादाही दिसते. आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. चित्रकला शिक्षक असलेले रामदास फुटाणे पदराला खार लावून 'सामना'ची निर्मिती करतात, जब्बार पटेल दिग्दर्शन करतात, आणि सहकारी साखर कारखानदारीवर थेट बोट ठेवणारा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात जातो. कारखान्याच्या पैशाने 'सामना' झाला असता का?

एरंडवणेकर

मुठाकाठ, प्रश्न अगदी नेमका आहे. कारखान्याच्या पैशाने 'सामना' झाला नसता, हे मान्यच. फुटाण्यांनी जी जोखीम घेतली तिची बरोबरी कुठलाही प्रायोजित चित्रपट करू शकत नाही.

पण 'मंथन' परत बघा. बेनेगलांनी दूध सहकारावर अमूलच्या वर्गीस कुरियन यांच्यासाठी आधी माहितीपट केले होते. माहितीपटात जे मावलं नाही ते सांगायला त्यांना कथापट हवा होता आणि पैसा नव्हता. तेव्हा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख उभे राहिले. पाटीवर निर्माते म्हणून गुजरातचे पाच लाख शेतकरीच आहेत. आता, निव्वळ जाहिरात करायची असती तर पडद्यावर काय आलं असतं? सोसायटी निघाली, दूध वाढलं, सगळे सुखी. तेंडुलकरांच्या पटकथेत असं काही घडत नाही. सोसायटीच्या निवडणुकीत गावातली जात उघडी पडते, हरलेला सरपंच सूड घेतो, सोसायटी काढायला गावात आलेले डॉक्टर राव स्वतः अडचणीत सापडतात आणि त्यांची बदली होते. काम अर्धवट राहतं, ते पुढे न्यायचं ते गावातल्याच भोलाने. पैसे देणाऱ्यांनी हे कापा म्हटलं नाही, आणि मला वाटतं ते म्हणणार नाहीत हे बेनेगलांनी आधीच ताडलं होतं. कुठल्या गिऱ्हाइकाला किती खरं सोसेल याचा अंदाज घेणं हे निर्मात्याचं काम आहे आणि ते एजन्सीत रोज करावं लागतं.

त्या दोन रुपयांचं गणितही पाहा. पैसे देणारा तोच प्रेक्षक झाला. शेतकरी ट्रक भरभरून आपला पिक्चर बघायला आले. पुढे १६ मिलिमीटरच्या प्रती गावोगाव फिरल्या आणि नव्या दूध सोसायट्या काढण्याच्या कामी आल्या. आणि प्रीती सागर यांनी गायलेलं त्यातलं 'मेरो गाम काठा पारे' पुढे अमूलच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत वाजलं. चित्रपटासाठी केलेलं गाणं जाहिरातीला मिळालं, एरवी प्रवास उलटा होतो.

'सुस्मन'बद्दल तुमचा आक्षेप मला जास्त पटतो. तिथे विषयाचं ओझं जाणवतं.

सिंहगडपायथा

पुण्याचा धागा आहे तर पुण्याचा वाटाही नोंदवतो. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, आणि त्याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. बेनेगल तिथे १९६६ ते १९७३ शिकवत होते, म्हणजे जाहिरातपट करत असतानाच. पुढे १९८०-८३ आणि १९८९-९२ असे दोनदा ते संस्थेचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या पहिल्या चित्रपटांतली माणसं पाहिली तर लॉ कॉलेज रोडवरच्या या संस्थेचं देणं किती मोठं आहे ते कळतं. शबाना आझमी इथल्याच विद्यार्थिनी, 'अंकुर'साठी राष्ट्रीय पुरस्कार. नसीरुद्दीन शाह इथलेच, आणि 'निशांत'साठी त्यांचं नाव बेनेगलांना सुचवलं ते तेव्हा इन्स्टिट्यूटचे संचालक असलेल्या गिरीश कार्नाडांनी. स्मिता पाटील पुण्याच्या. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आणि 'निशांत', 'मंथन' दोन्हींत. हिंदीत नाव नसलेल्या ताज्या नटांना घेणं हे धाडस म्हणून सांगितलं जातं, पण एरंडवणेकरांच्या चष्म्यातून ते खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचं होतं. स्टारची तारीख मिळवायची नाही, त्याच्या सवडीने सेट अडवून ठेवायचा नाही. सगळं युनिट एका गावात नेऊन मुक्काम ठोकायचा आणि काम पुरं करूनच उठायचं.

डॉ. आगाशे पुढे स्वतः निर्मितीत उतरले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' त्यांच्या सहभागाने झाला आणि २०१६ च्या चित्रपटांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. निर्मात्याने विषयावर जीव टाकला की काय होतं त्याचं हे आपल्या गावातलं उदाहरण.

चाफेकळी

मी सध्या पुण्यात जाहिरातपटांच्या निर्मितीत आहे, असिस्टंट म्हणून. दिवसभर परवानग्या, जेवण, गाड्या. महापालिकेचं पत्र, वाहतूक पोलिसांचं पत्र, धरणाकडे शूट असेल तर पाटबंधारे खातं, शनिवारवाड्यासारखी जागा असेल तर पुरातत्त्व खातं. डायरेक्टर म्हणतो सूर्य उतरताना शॉट हवा, आणि परवानगी असते दुपारी चारपर्यंत. मधे मी.

दोन प्रश्न आहेत. एक, या कामातून निर्माता होता येतं का, की ही वेगळीच लाइन आहे? दुसरं, पैशाचं. एका एजन्सीने फिल्म प्रसारित होऊन गेली तरी उरलेली अर्धी रक्कम महिनोन्‌महिने दिली नाही. लाइटवाल्यांना आणि स्पॉटच्या मुलांना आमच्या मॅडमनी दागिने गहाण ठेवून पैसे दिले. हे पूर्वीही असंच होतं का?

एरंडवणेकर

चाफेकळी, मॅडमना माझा नमस्कार सांगा. ज्या निर्मात्याने आधी स्पॉटच्या मुलांचे पैसे दिले त्याला युनिट पुढच्या वेळी रात्री दोनलाही नाही म्हणत नाही. पूर्वीही असंच होतं. निम्मे आगाऊ, निम्मे फिल्म हातात दिल्यावर, असं कागदावर, आणि प्रत्यक्षात दुसऱ्या निम्म्यासाठी खेटे. म्हणून सांगतो, आगाऊ रकमेत रोजंदारीवरची सगळी माणसं, भाड्याचं सामान आणि जेवण निघालंच पाहिजे अशी आखणी करायची. उशिराचा फटका बसायचा तर तो आपल्या नफ्याला बसावा, त्यांच्या मजुरीला नाही. पैशाची तोंडमिळवणी करताना हा क्रम मी कधी मोडला नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. तुम्ही आता ज्या जागी आहात तिथूनच होता येतं, आणि मला तर तो राजमार्ग वाटतो. एक काम करा. तुमच्या प्रत्येक शूटचा खर्चाचा तक्ता मागून घ्या आणि अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक ओळीओळीने तपासा. आमच्या वेळी त्यातली सगळ्यात धगधगती ओळ कच्च्या फिल्मची असायची. ३० सेकंदांची जाहिरात म्हणजे ४५ फूट, आणि त्यासाठी दीड-दोन हजार फूट सहज खर्ची पडायची. चारशे फुटांचा डबा साडेचार मिनिटांत संपतो. दुधाच्या ग्लासवरून थेंब ओघळतो एवढा एक शॉट असायचा, आणि तो थेंब हवा तसा ओघळेपर्यंत कॅमेरा चालू. कॅमेऱ्याशेजारी उभा राहून फुटेजचा आकडा वाचणारा माणूस माझा असायचा. तो फक्त आकडा मोठ्याने म्हणायचा, बाकी एक अक्षर नाही. दिग्दर्शकाला तेवढं पुरायचं.

आता डिजिटलमुळे ती ओळ गेली, पण खर्च गेला नाही, तो सरकला. टेक कितीही घेता येतात म्हणून शिफ्ट लांबते, जादा वेळेचे पैसे वाढतात, जनरेटर चालू राहतो, संकलकाकडे डोंगर साचतो. नव्या तक्त्यात वेळ ही कच्ची फिल्म आहे असं समजून तो वाचा. बेनेगलांच्या पिढीला डब्यातली फिल्म संपत येताना दिसत होती, त्यामुळे शॉट लावण्याआधी विचार करायची शिस्त आपसूक अंगी यायची. तुम्हाला ती ठरवून आणावी लागेल.

मुठाकाठ

'मंथन'बद्दलचं उत्तर पटलं, डॉक्टरच्या बदलीचा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता. एक भर घालतो. पैसे देणाऱ्याशी जमवून घेणं एवढंच असतं तर बेनेगलांनी एकाच ठिकाणी ठाण मांडलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. 'जुनून' आणि 'कलयुग' शशी कपूर यांच्यासाठी, 'भारत एक खोज'चे ५३ भाग दूरदर्शनसाठी, 'सूरज का सातवाँ घोडा' एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाकडून. एक दार बंद झालं तरी काम अडलं नाही. हे तुमच्या बाजूचंच आहे, पण मला ते आता जास्त महत्त्वाचं वाटतंय.

डेक्कनची_राणी

आणि जाहिरातीतून चित्रपटात येण्याची वाट पुढेही चालू राहिलीच की. गौरी शिंदे पुण्याच्याच, जाहिरातपट करत करत 'इंग्लिश विंग्लिश'पर्यंत पोचल्या. त्याआधी बंगालमध्ये सत्यजित राय जाहिरात कंपनीत चित्रकार होते आणि 'पथेर पांचाली' पुरा झाला तो राज्य सरकारच्या पैशाने.

'मंथन' आता मोठ्या पडद्यावर पुन्हा बघायला मिळेल का? फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली होती एवढं माहीत आहे.

रीळवाला

ती प्रत २०२४ च्या जूनमध्ये आपल्याकडच्या थिएटरांतही लागली होती. परत कुठे लागली तर चुकवू नका, टीव्हीवर बघण्यात अर्थ नाही. निहलानींच्या उजेडाला मोठा पडदा लागतो.

चाफेकळी, सिमेंटच्या सांध्यांवरचा धागा पुढच्या आठवड्यात लिहायला घेतो. प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या दिव्यांचंही त्यात घालीन.

एरंडवणेकर

वाट बघतो. राणीताई, रायांचं उदाहरण बरोबर आहे, पण एक फरक आहे. रायांनी एजन्सीतून नजर आणली आणि पैसा सरकारकडून आला. बेनेगलांच्या पहिल्या चित्रपटाचा पैसाही जाहिरातीच्याच धंद्यातला. म्हणून मला बिजलानी आणि वरियावा यांच्यावर कुणीतरी नीट लिहावं असं फार वाटतं. ब्लेझमध्ये काम केलेलं कुणी, किंवा त्यांच्या घरचं कुणी, हा धागा वाचत असेल तर त्यांनी इथे लिहावं. त्यांनी चित्रपट निवडताना काय पाहिलं, पटकथा वाचून घेतली की ऐकून, पहिल्या आठवड्याला किती थिएटरं लावली, हे सगळं मला विचारायचं आहे.